चंद्राच्या वजनाची पिशवी

आभाळकाकांनी बेचाळीस वर्षं आभाळ वर-खाली केलं. सकाळचं, संध्याकाळचं, वादळाचं, चांदण्याचं. शहरातल्या जुन्या नाट्यगृहात, रंगमंचाच्या डोक्यावर, प्रेक्षकांना कधीच दिसत नाही अशा जागी एक लाकडी माळा होता. माळ्यावर दोरांची रांग, आणि त्या रांगेत काका. कापडावर रंगवलेलं आभाळ दांड्याला बांधलेलं, दांडा दोराला, आणि दोर कप्पीवरून फिरून काकांच्या हातात. काकांनी ओढलं की खाली दिवस उजाडायचा. म्हणून झाडूवाल्यापासून मोठमोठ्या नटांपर्यंत सगळे त्यांना आभाळकाका म्हणत, आणि काका वरवर कुरकुर करून मनातून खूश होत. एवढ्या मोठ्या गोष्टीचं नाव उगाच कोणाला मिळत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

माणूस मात्र काडीपहिलवान. मनगटं अशी की घड्याळाच्या पट्ट्याला दोन भोकं जास्तीची पाडावी लागायची. नवीन आलेली माणसं हमखास विचारत, ‘‘काका, एवढा राजवाडा तुम्ही एकटे कसा उचलता?’’

‘‘मी कुठे उचलतो? वाळू उचलते,’’ काका म्हणत.

ते खरंच होतं. दोराच्या दुसऱ्या टोकाला, राजवाड्याच्या वजनाला तोलून धरतील इतक्या वाळूच्या पिशव्या लटकवलेल्या असायच्या. एकदा तोल साधला की राजवाडा बोटावर नाचवावा. काकांचं काम ताकदीचं नव्हतंच, ते तोलाचं होतं. पण ही गोष्ट पुढे काका स्वतःच विसरले, आणि त्यामुळेच हे सगळं रामायण घडलं.

माळ्यावरून काकांना माणसं दिसत ती फक्त डोकी. खाली विंगेत, संहिता मांडीवर घेऊन, स्टुलावर एक मुलगी बसायची. पडदा केव्हा उचलायचा, आभाळ केव्हा उतरवायचं, हे ती शिट्टी वाजवून सांगायची. तोंडानेच. बारीक, संगीतात विरून जाईल अशी. एक लांब शिट्टी म्हणजे वर. दोन आखूड म्हणजे खाली, पार जमिनीला टेकेपर्यंत. त्या नाट्यगृहात दुसऱ्या कोणी शिट्टी वाजवायची सक्त मनाई होती. एकदा एका नवख्या नटाने खुशीत येऊन दोन सूर काढले आणि अख्खं जंगल त्याच्या डोक्यावर येऊन बसलं. त्याला बाहेर काढायला दोघे जण लागले. काकांना कोणी दोष दिला नाही, कारण काकांचा त्यात हात नव्हता असं म्हणता येत नसलं तरी डोकं नक्कीच नव्हतं. शिट्टी कानात शिरायची आणि थेट हातात उतरायची, मधे कुठे थांबायची नाही.

दोन वर्षं काकांनी त्या मुलीचा फक्त भांग पाहिला. सरळ, बारीक, मधोमध काढलेला. मग एका दुपारी ते हिंमत करून शिडीवरून खाली उतरले आणि चेहरा पाहिला, आणि त्याच वर्षी लग्न झालं. पुढे त्या काकू झाल्या, त्यांना लेक झाली, नाट्यगृह म्हातारं झालं. पाच वर्षांपूर्वी दोर काढून तिथे मोटारी बसवल्या. आता बटण दाबलं की पहाट होते. काका एकदा बघून आले आणि म्हणाले, ‘‘पहाट घरघर करते.’’ त्यानंतर ते तिकडे फिरकले नाहीत.

गेल्या वर्षाच्या शेवटी काकूंच्या अंगावरून वारं गेलं. डावा हात, डावा पाय आणि ओठांची डावी कड. रुग्णालयातून घरी आल्या तेव्हा त्या चाकांच्या खुर्चीत होत्या. बोलणं हळूहळू परत आलं, एकेक शब्द शोधून आणल्यासारखं. शिट्टी मात्र आली नाही. काकू ओठांचा चंबू करत आणि नुसती हवा बाहेर पडे. काका दुसरीकडे बघत.

व्यायाम शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून एकदा घरी यायच्या. बाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. त्यांनी लेकीला आणि काकांना समोर बसवून सांगितलं, ‘‘खुर्चीतून पलंगावर, पलंगावरून न्हाणीत, असं दिवसातून वीस वेळा यांना उचलावं लागणार. नाहीतर यांना स्वतः उभं राहता आलं पाहिजे. कोणाला न धरता, दहा आकडे मोजेपर्यंत. पायात जोर आहे अजून, पण पाय घाबरलेत. तीन महिने बघू. तोवर दोन्हीपैकी एकही नाही जमलं तर मग शुश्रूषागृह बघा. तिथे माणसं असतात.’’

लेकीने शुश्रूषागृह आधीच बघून ठेवलं होतं. शहराच्या कडेला, मोठ्या खिडक्यांचं, स्वच्छ. लेक वाईट नव्हती, थकलेली होती. सकाळी कचेरी, संध्याकाळी आई, मधे दहा वेळा फोन. तिने खिडक्यांचं वर्णन केलं, बागेचं केलं. काकूंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि बऱ्याच वेळाने एकच शब्द आणला.

‘‘घर.’’

‘‘ऐकलंस ना?’’ काका लेकीला म्हणाले. ‘‘मी उचलीन तिला.’’

‘‘बाबा, तुम्ही अडुसष्ट वर्षांचे आहात.’’

‘‘मग? मी राजवाडे उचललेत.’’

आणि अशा रीतीने, ज्या माणसाने आयुष्यभर ‘मी कुठे उचलतो’ म्हणून सांगितलं, तो घरात व्यायामशाळा थाटायला निघाला.

दुकान मोठं होतं, चहूबाजूंनी आरसे लावलेलं. लेकीला घेऊन काका आत शिरले आणि त्यांना पंधरा आभाळकाका दिसले, एकाहून एक किरकोळ. लोखंडी वजनांच्या रांगा लागल्या होत्या, लहानपासून मोठ्यापर्यंत, फोटोला उभ्या केलेल्या भावंडांसारख्या. विक्रेता पुढे आला. त्याच्या दंडांनी शर्टाच्या बाह्यांना अगदी नकोसं करून सोडलं होतं.

‘‘या काका. काय टार्गेट आहे आपलं?’’

‘‘एकावन्न किलो.’’

विक्रेत्याने काकांकडे वरून खाली पाहिलं. ‘‘डेडलिफ्ट?’’

‘‘नाही. बायको.’’

लेकीने कपाळाला हात लावला. पण विक्रेता मनाचा चांगला होता. सगळं ऐकून घेतल्यावर तो गंभीर झाला आणि खरंच मन लावून दाखवू लागला. हा लांब दांड्याचा बारबेल, पण एकट्याने छातीवर घ्यायचा नाही. हे बेंच, पाठ टेकवून. या गोल हँडलच्या केटलबेल, यांनी कंबर आणि मांड्या तयार होतात. हे डंबेल, याच्या चकत्या बदलता येतात, म्हणजे दोनापासून सुरुवात करून दहापर्यंत जाता येतं, घरात जागा कमी असेल तर हेच बरं. हे रबरी पट्टे, सांधे कुरकुरत असतील त्यांच्यासाठी. ‘‘आणि काका, एक सांगू? माणूस उचलणं म्हणजे वजन उचलणं नाही. वजन हलत नाही, माणूस हलतो. वजन घाबरत नाही.’’

काका हो हो म्हणत होते, पण त्यांचं लक्ष केव्हाच उडालं होतं. कोपऱ्यात एक उंच यंत्र उभं होतं. मुठीत धरायचा दांडा, त्याला तार, तार वर जाऊन कप्पीवरून फिरून मागे उतरलेली, आणि मागे लोखंडी विटांची चळत. काका त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. दुकानातला पांढरा उजेड हळूहळू पिवळा झाला, आरसे विझले, पायाखाली लाकूड आलं. वर अंधारात कापडाचे ढग घड्या घालून झोपलेले. काकांनी दांडा धरला आणि ओढला. चळत वर चढू लागली, अलगद, ओळखीच्या वाटेने. आता उजाडेल, काकांना वाटलं. खाली नट उभा असेल, तोंड पूर्वेकडे करून.

दुकानाच्या मागच्या दालनात व्यायामाची एक शिकवणी चालू होती. तिथल्या प्रशिक्षकाने शिट्टी वाजवली. दोन, आखूड.

काकांच्या हातांनी दोर सोडला.

लोखंडी चळत असा आवाज करून खाली आली की सगळे आरसे थरथरले, शिकवणीतल्या बाया किंचाळल्या आणि विक्रेत्याने दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं झाकलं. काका रिकाम्या हातांनी उभे होते, चेहऱ्यावर काम चोख झाल्याचं समाधान.

‘‘बाबा!’’

‘‘त्याने ‘खाली’ सांगितलं,’’ काका म्हणाले, आणि मग भानावर येऊन त्यांचा चेहरा शरमेने उतरला.

शेवटी चकत्या बदलायच्या डंबेलची जोडी आणि एक रबरी पट्टा घेऊन ते घरी आले. विक्रेत्याने दारापर्यंत येऊन पाठ सरळ ठेवायची ताकीद दिली. काका दिसेनासे होईपर्यंत तो यंत्राकडे जायची वाट अडवून दारातच उभा राहिला, असं लेक नंतर सांगायची.

तीन आठवडे काकांनी मनापासून व्यायाम केला. रोज सकाळी खिडकीपाशी, बनियनवर. काकू खुर्चीत बसून उजव्या हाताच्या बोटांवर मोजायच्या आणि काका चुकून पुढचा आकडा म्हणाले की मान हलवून परत मागे आणायच्या. चोरीला त्या तयारच नव्हत्या. दोन किलो झाले, तीन झाले. चौथ्या किलोवर काकांच्या उजव्या खांद्यात काहीतरी चिडलं. काका गुपचूप चहाचा कप डाव्या हाताने घेऊ लागले. काकूंच्या ते पहिल्याच दिवशी लक्षात आलं, पण त्यांना तेवढे शब्द सापडेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं.

एका दुपारी काका त्यांना खुर्चीतून पलंगावर घेत होते. पाठ सरळ होती, सगळं शिकवल्याप्रमाणे होतं. पण अर्ध्या वाटेत खांद्याने हात वर केले, गुडघे वाकले आणि दोघं हळूहळू, अगदी सावकाश, एकमेकांना धरून जमिनीवर आले. लागलं कोणालाच नाही. पण उठवणार कोण? लेक पाचला येणार होती. चार वाजायला आले होते.

‘‘लागलं का गं?’’

काकूंनी मान हलवली. नाही.

‘‘मला वाटलं होतं, जमेल,’’ काका म्हणाले. ‘‘मला नाही गं जमत. मी तुला पाडलं.’’

उशी ओढून घ्यावी तसा काकूंनी काकांचा चांगला हात डोक्याखाली ओढून घेतला आणि आरामात पडल्या. खिडकीतून ऊन तिरपं आत आलं होतं. त्यात धुळीचे कण तरंगत होते, एकही घाईत नव्हता. जमिनीवरून पाहिलं तर खोली खूप उंच वाटते, हे काकांच्या लक्षात आलं. कपाटाचा माथा, पंख्याची जळमटलेली पाती, आणि छताच्या मधोमध भिंतीपासून भिंतीपर्यंत गेलेली लोखंडी तुळई. तीस वर्षं ते या खोलीत राहत होते आणि त्यांनी मान वर करून तुळई पाहिली नव्हती. घरात कोण वर बघतो?

काकूंनी उजवा हात उचलला आणि बोट तुळईकडे धरलं. मग ओठांचा चंबू केला. हवा बाहेर आली, नुसती, पण लांब. खूप लांब.

त्या हवेत आवाज नव्हता, पण खूण पुरी होती. एक लांब. वर.

‘‘अगं...’’ काका म्हणाले. ‘‘अगं, मी कुठे उचलत होतो! वाळू उचलायची की!’’ आणि ते हसू लागले. काकूही हसू लागल्या, एका बाजूने. लेक पाचला दार उघडून आत आली तेव्हा आईवडील जमिनीवर आडवे पडून छताकडे बोटं दाखवत काहीतरी ठरवत होते. कप्पी इथे, दुसरी तिथे.

लेक आधी घाबरली, मग रडली आणि मग कडाडली. ‘‘बस झालं. मी आज त्या खोलीसाठी नाव देतेय. आणखी नऊ आठवड्यांनी, शनिवारी, तीन महिने पुरे होतात, त्या दिवशी बाई तपासतील, नाही जमलं तर सोमवारी जायचं. आणखी एक दिवसही नाही.’’

‘‘चालेल,’’ काका म्हणाले. ‘‘फक्त एक कर. तू पुलांच्या नकाशांच्या कचेरीत आहेस ना? ही तुळई किती वजन पेलेल, ते काढून दे.’’

तिने काढून दिलं, रागारागाने, पण दोनदा तपासून.

दुसऱ्या दिवशी काका लेकीला घेऊन नाट्यगृहात गेले. पहारेकऱ्याने काकांना मिठी मारली आणि रंगमंचाखालच्या तळघराचं कुलूप उघडलं. जुनं सामान तिथे कोंदट अंधारात पडलं होतं. दिव्याच्या उजेडात एक अख्खा समुद्र गुंडाळून ठेवलेला दिसला. त्याच्या मागे राजवाड्याचं एक दार, ज्यातून आता कुठेही जाता येत नव्हतं. आणि एका रांगेत, भिंतीला टेकून बसल्यासारख्या, वाळूच्या पिशव्या. प्रत्येक पिशवीवर पांढऱ्या रंगात तिच्या पडद्याचं नाव लिहिलेलं होतं, काकांच्याच अक्षरात. काकांनी आठ निवडल्या. राजवाडा, जंगल, समुद्र, किल्ला, बाजार, धुकं, ढग आणि चंद्र. चंद्राची सगळ्यात लहान होती, जेमतेम किलोची. पुठ्ठ्याच्या चंद्राला तोलायला तेवढी पुरायची. मोठ्या मात्र बहुतेक चार-चार किलोच्या.

दोन कप्प्या घेतल्या, नवा दोर घ्यायचा ठरला. निघताना लेकीला खुंटीवर रुंद चामडी पट्टा दिसला. मांड्यांना आणि कमरेला बांधायचा, मऊ अस्तराचा. ज्या नाटकात परी उडायची, त्या परीचा.

‘‘मी यात उडलेय,’’ लेक एकदम म्हणाली. पाच वर्षांची असताना, रिकाम्या नाट्यगृहात, एका दुपारी. खाली आई स्टुलावर, वर बाबा. ती ओरडत होती, आणखी वर, आणखी वर. आठवलं तसा तिचा चेहरा लहान झाला. तिने पट्टा खुंटीवरून काढला, प्रत्येक टाका बोटाने दाबून पाहिला आणि स्वतःच्या पिशवीत घातला.

मांडणी अशी झाली. तुळईला दोन कप्प्या. एकीच्या बरोबर खाली काकूंची खुर्ची. काकूंना परीचा पट्टा, पट्ट्याला दोर, दोर वर जाऊन दोन्ही कप्प्यांवरून भिंतीशी खाली उतरलेला, त्याच्या टोकाला लोखंडी आकडा, आणि आकड्यात वाळूच्या पिशव्या. पिशव्या काकूंना वर ओढायच्या, पण पुरतं उचलायच्या नाहीत. उरलेला जोर काकूंच्या पायांनी लावायचा. काकूंना बसवण्याआधी काकांनी त्या दोराला त्यांच्या दुप्पट वजन बांधून एक पूर्ण दिवस लटकत ठेवलं. परीसाठीही ते असंच करायचे.

बाई आल्या तेव्हा त्या रागावतील म्हणून काका स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले होते. बाई सगळ्या मांडणीभोवती दोन फेऱ्या मारून आल्या. पट्टा ओढून पाहिला, दोराला लटकून पाहिलं. मग म्हणाल्या, ‘‘व्यायामशाळेत लोक वजन चढवत जातात. तुम्ही उतरवत जायचं. दर आठवड्याला एक पिशवी कमी. आणि मी किंवा तुमची लेक मागे उभी असल्याशिवाय एकदाही नाही. कबूल?’’

‘‘कबूल,’’ काका स्वयंपाकघरातून म्हणाले.

पहिल्या दिवशी आठही पिशव्या होत्या. काकूंनी पाय रोवले, काकांनी भिंतीशी लहान स्टुलावर बसून पिशव्यांना झोका बसू नये म्हणून हात लावून धरला, आणि काकूंनी हवा सोडली, लांब. पिशव्या खाली येऊ लागल्या, काकू वर जाऊ लागल्या. गुडघे थरथरत होते. पण वर, आणखी वर, आणि एका क्षणी त्या उभ्या होत्या. आजारी पडल्यापासून अकरा आठवड्यांनी त्यांनी खिडकीबाहेरचा रस्ता उभं राहून पाहिला. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कोणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या. काकू त्यांच्याकडे असं बघत राहिल्या की लेकीनेही वळून बघितलं. नुसत्या चादरीच होत्या.

मग पिशव्या उतरू लागल्या. आधी कोणती काढायची यावर वाद झाला, पण काकूंनी तो एका शब्दात मिटवला. ‘‘चंद्र शेवटी.’’ पहिल्या आठवड्यानंतर धुकं गेलं. मग बाजार. बाजार गेल्यावर पाय एवढे लटपटले की तो परत आणावा लागला आणि एक आठवडा फुकट गेला. त्या रात्री काकू जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नेहमीपेक्षा आधी पट्टा मागू लागल्या. पुढच्या खेपेला बाजार उठला तो उठलाच. ढग गेला. किल्ला गेला. काढलेली पिशवी काका खिडकीखाली ओळीने मांडून ठेवत आणि सकाळच्या उन्हात ती नावं वाचत काकू पाय रोवत. डंबेलची जोडी कपाटाखाली गेली. काका कधीमधी दोन किलोचा एक घेऊन खांदा फिरवत, तेवढाच. समुद्र गेला तेव्हा काकू उभ्या असताना एक पाऊल पुढे टाकायला लागल्या. जंगल गेलं. शेवटच्या आठवड्यात सोमवारी राजवाडा उतरवला आणि दोराला उरला तो चंद्र.

तो शुक्रवारी काढायचा होता. शनिवारी बाई येणार होत्या. शुक्रवारी काका आकड्यापाशी गेले, पिशवीला हात लावला आणि तसेच परत आले. ‘‘उद्या काढू,’’ म्हणाले. काकूंनी फक्त पाहिलं.

शनिवारी बाई आल्या. लेकीने सुट्टी घेतली होती. तिच्या पिशवीतून शुश्रूषागृहाचा फॉर्म डोकावत होता. तो तिने आत दाबला, तरी डोकावला. बाईंनी दोराकडे पाहिलं आणि भुवया उंचावल्या.

‘‘काका, ही अजून इथे कशी?’’

‘‘किलोभरच तर आहे,’’ काका म्हणाले. ‘‘असू द्या ना. जुनी आहे.’’

‘‘किलोभराने काकूंना धरलेलं नाही, काका. ती तुम्ही धरून ठेवलीय. आणि मला कागदावर खरं लिहायचंय. आधाराशिवाय उभ्या राहिल्या का? हो किंवा नाही.’’

काकांना हे कळत नव्हतं असं नाही. पण पिशवी काढली आणि काकू पडल्या तर सोमवारी त्या मोठ्या खिडक्यांच्या घरी जातील. पिशवी असली तर निदान शनिवार सरतो. मग रविवार. काकांना आणखी दोन दिवस हवे होते, बाकी काही नाही. ते स्टुलावर जाऊन बसले आणि त्यांनी पिशवी दोन्ही हातांनी धरली.

‘‘अशीच एकदा करू या,’’ ते म्हणाले. ‘‘मग बघू.’’

बाई आणि लेक मागे उभ्या राहिल्या. काकूंनी पाय रोवले, पुढे झुकल्या आणि उभ्या राहिल्या. चंद्र खाली काकांच्या हातात उतरला, त्यांच्या गुडघ्यापर्यंत. बाई काही बोलणार होत्या.

तेवढ्यात शिट्टी आली. बारीक, एका कडेने जराशी फाटलेली, पण शिट्टीच. दोन, आखूड.

खाली. पार जमिनीला टेकेपर्यंत.

काकांच्या हातांनी ऐकलं. काका नको नको म्हणेपर्यंत हातांनी पिशवी आकड्यातून काढली होती आणि जमिनीवर ठेवली होती. दोर सैल पडला, काकूंच्या पाठीमागे लोंबकळत राहिला. लेकीचे हात आईच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना, वीतभर अंतरावर, तसेच थांबले. काकांना झटकन पिशवी परत उचलावीशी वाटली, पण त्यांना वरची खूण मिळाली नव्हती. बेचाळीस वर्षांत खुणेशिवाय त्यांनी एक पान हलवलं नव्हतं. ते गुडघ्यांवर बसून राहिले, चंद्रावर हात ठेवून.

‘‘एक,’’ बाई म्हणाल्या. ‘‘दोन. तीन.’’

काकूंचा डावा गुडघा थरथरला आणि थांबला.

‘‘सात. आठ.’’

काका वर बघत होते. आयुष्यभर त्यांनी आपल्या बायकोला वरून पाहिलं होतं, आधी माळ्यावरून आणि गेले काही महिने खुर्चीच्या मागून. तोच भांग, आता पांढरा झालेला. स्टुलावर बसून इतके दिवस त्यांची नजर पिशव्यांवरच असायची, त्यामुळे खालून ती कशी दिसते हे त्यांना ठाऊकच नव्हतं. हनुवटी, तिच्या खाली एक तीळ, आणि वर कुठेतरी, फार उंच, वाकडं हसू.

‘‘दहा,’’ बाई म्हणाल्या आणि मग कोणी सांगितलं नव्हतं तरी ‘‘अकरा’’ही म्हणाल्या.

लेकीने फोन कानाला लावला होता. ‘‘हो, सोमवारची खोली,’’ ती म्हणत होती आणि तिचं नाक वाहत होतं. ‘‘दुसऱ्या कोणाला तरी द्या. नाही, सगळं ठीक आहे. आई घरीच आहे.’’

काकूंनी खाली पाहिलं. शब्द शोधायला त्यांना आज वेळ लागला नाही.

‘‘अहो,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तुमच्या हनुवटीखाली साबण राहिलाय.’’